दिओर हे कपड्यांचे घराणे आहे की परफ्यूमचे, आणि त्याचा भारताशी काय संबंध?

आपण विचारले आहे की दुकानात मिळणारी दिओरची परफ्यूम आणि पॅरिसमध्ये रॅम्पवर दिसणारे दिओरचे कपडे एकाच कंपनीचे असतात का, या घराण्याचा इतिहास काय, आणि त्याचा भारताशी खरोखर काही संबंध आहे का. थोडक्यात सांगायचे तर कपडे आणि सुगंध यांचा जन्म 1947 मध्ये जोडीने झाला, 1968 पासून त्यांची वाटणी झाली आणि 2017 मध्ये दोन्ही पुन्हा एकाच मालकाकडे आले. माझे काम भरतकामाच्या निर्यातीशी निगडित असल्यामुळे या घराण्याकडे मी अनेक वर्षे बारकाईने पाहत आले आहे, आणि ही वाटणी लक्षात घेतल्याशिवाय दिओरचा इतिहास नीट कळत नाही असे माझे मत आहे.

ख्रिस्तियान दिओर यांचा जन्म 21 जानेवारी 1905 रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील ग्रानव्हिल या समुद्रकाठच्या गावी झाला. वडिलांचा खतांचा कारखाना होता आणि आईला बागेचे वेड होते. फुलांची नावे आणि त्यांचे स्वभाव दिओर यांनी आईकडूनच आत्मसात केले. त्यांना वास्तुकला शिकायची होती, घरच्यांना मात्र मुलगा परराष्ट्र सेवेत जावा असे वाटत होते. शेवटी 1928 मध्ये त्यांनी एका मित्राबरोबर पॅरिसमध्ये चित्रांचे दालन उघडले. तीन वर्षांत आई वारली, जागतिक मंदीत वडिलांचे दिवाळे निघाले आणि दालनही चालेनासे झाले. मग क्षयाचे दुखणे आले. त्यातून उठल्यावर पोटासाठी त्यांनी टोप्यांची आणि पोशाखांची रेखाचित्रे विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती. 1938 मध्ये रोबेर पिगे आणि युद्धकाळात ल्यूसियाँ ललाँ या पॅरिसमधील पोशाखकारांकडे त्यांना नोकरी मिळाली.

युद्धकाळाचा हा भाग घराण्याच्या जाहिरातींत ओझरता येतो, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये ललाँ यांच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांत जर्मन अधिकाऱ्यांच्या बायकाही होत्या, आणि दिओर त्यांच्यासाठी पोशाख रेखाटत होते. त्याच वेळी त्यांची धाकटी बहीण कातरीन ही प्रतिकार चळवळीच्या एका हेरजाळ्यात काम करीत होती. जुलै 1944 मध्ये ती पकडली गेली, तिचा छळ झाला आणि तिची रवानगी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत करण्यात आली. 1945 मध्ये ती जिवंत परतली, आणि पुढचे आयुष्य तिने फुलांच्या व्यापारात आणि दक्षिण फ्रान्समध्ये फुलांची शेती करण्यात घालवले. घराण्याच्या पहिल्या परफ्यूमचे ‘मिस दिओर’ हे नाव तिच्यावरून पडले असे सांगितले जाते. आज त्या नावाच्या जाहिरातींत गुलाबी फिती आणि हसऱ्या तरुणी दिसतात. ज्या बाईवरून ते नाव आले, तिच्या वाट्याला काय आले होते हे ती कुपी घेणाऱ्याला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

घराणे उभे राहिले ते मार्सेल बूसाक या कापड गिरणीमालकाच्या पैशावर. बूसाक यांना त्यांच्या मालकीचे एक जुने, मरगळलेले दुकान नव्याने उभे करायचे होते आणि त्यासाठी त्यांनी दिओर यांना बोलावले. जुन्याला टेकू देण्यापेक्षा माझ्या नावाचे नवे दुकान काढा, असे दिओर यांनी सांगितले आणि बूसाक यांनी ते मान्य केले. 1946 च्या डिसेंबरात 30, आव्हन्यू मोंतेन या पत्त्यावर काम सुरू झाले आणि 12 फेब्रुवारी 1947 रोजी पहिला संग्रह सादर झाला. तो हिवाळा कडाक्याच्या थंडीचा होता, कोळशाची टंचाई होती आणि युद्धातील काटकसरीमुळे बायका आखूड, चौकोनी खांद्यांचे, जवळजवळ लष्करी वाटणारे कपडे वापरत होत्या. अशा वेळी दिओर यांनी गोलाई घेतलेले खांदे, आवळलेली कंबर आणि पोटरीपर्यंत पोहोचणारे प्रचंड घेराचे स्कर्ट पुढे आणले. ‘हार्पर्स बझार’ या अमेरिकन मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

या संग्रहातील ‘बार’ नावाचा पोशाख संग्रहालयांच्या छायाचित्रांत अवश्य पाहा. हस्तिदंती रंगाच्या, गाठाळ पोताच्या शांतुंग रेशमाचे जाकीट आणि खाली काळ्या लोकरी कापडाचा चुण्यांचा स्कर्ट, एवढेच त्याचे वर्णन करता येईल. पण त्यातील कसब शिवणीत आहे. जाकिटाच्या कमरेखालच्या भागाला आतून भराव देऊन नितंबांचा उठाव वाढवलेला आहे, त्यामुळे कंबर आहे त्याहून बारीक दिसते. घेरदार कपड्यांना आतून पर्केल (घट्ट विणीचे सुती कापड) किंवा तफेता (कडक रेशमी कापड) यांचे अस्तर लावून आकार धरून ठेवला जाई. असा पोशाख अंगावर नसतानाही स्वतःच्या बळावर उभा राहू शकेल असे वाटते, आणि वास्तुकला शिकण्याची राहून गेलेली इच्छा त्यांनी इथे पुरी केली असे मला वाटत आले आहे.

त्याला विरोधही झाला आणि तो अकारण नव्हता. ब्रिटनमध्ये कपड्यांचे रेशनिंग 1949 पर्यंत चालू होते. एका स्कर्टला इतके कापड लागते हे पाहून लोक संतापले. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात छायाचित्रणासाठी असा पोशाख घालून आलेल्या मॉडेलच्या अंगावर बाजारातील बायका धावून गेल्या आणि त्यांनी तो फाडला. बायकांना पुन्हा आवळ पट्ट्यांत बांधले जात आहे हा आक्षेप तर आजही घेतला जातो आणि तो मला पटतो. तरीही उपासमारीच्या वर्षांनंतर भरपूर कापडाचा मोह का पडला असेल, हेही समजण्यासारखे आहे. आणि तो मोह पडावा यात कापडाचा व्यापार करणाऱ्या बूसाक यांचा फायदा होताच.

आता सुगंधाकडे वळू. पोशाखाला सुगंधाने पूर्णत्व येते अशी दिओर यांची धारणा होती, म्हणून 1947 मध्येच परफ्यूमची वेगळी कंपनी काढण्यात आली. तिची सूत्रे सेर्ज एफ्तलेर-लुईश या ग्रानव्हिलच्या बालमित्राकडे देण्यात आली. हे गृहस्थ आधी कोती या प्रसिद्ध परफ्यूम कंपनीत होते. ‘मिस दिओर’ची मूळ घडण हिरव्या, किंचित कडवट वासाची होती, गल्बानमचा डिंक आणि ओकच्या झाडावरील दगडफूल यांच्यामुळे आलेली. आज त्याच नावाने मिळणारा गोडसर सुगंध अगदी वेगळा आहे, त्यामुळे जुन्या वर्णनांवर विसंबून खरेदी करू नये.

या घराण्याच्या सुगंधांत मला सर्वांत थोर वाटतो तो 1956 चा ‘दिओरिसिमो’. लिली ऑफ द व्हॅली हे पांढऱ्या घंट्यांसारखे छोटे फूल दिओर यांचे आवडते आणि त्यांच्या लेखी शुभशकुनाचे होते. पोशाखाच्या काठाच्या दुमडीत त्याची डहाळी शिवून ठेवण्याची त्यांची पद्धत होती. अडचण अशी की या फुलाचा अर्क काढता येत नाही. मोगरा, गुलाब, निशिगंध यांच्यापासून अत्तर मिळते, पण हे फूल कोणत्याही व्यवहार्य रीतीने आपला वास सोडत नाही. एदमोंद रुदनित्स्का या परफ्यूमकाराने दक्षिण फ्रान्समधील ग्रास या सुगंधांसाठी प्रसिद्ध गावाजवळच्या काब्री येथे आपल्या बागेत ती रोपे लावली, फुलोऱ्याच्या दिवसांत तो वास पुन्हा पुन्हा घेतला आणि हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल या रसायनाच्या आधारे इतर द्रव्ये जुळवून तो जणू नव्याने घडवला. ज्या फुलाचा एक थेंबही कुपीत नाही, त्या फुलाचा ताजेपणा त्यात आहे. याच रुदनित्स्कांनी 1966 मध्ये पुरुषांसाठी ‘ओ सोवाज’ तयार केले आणि त्यात हेडिओन हे जाई-जुईच्या कुळातील हलके, हवेशीर द्रव्य वापरले. ते द्रव्य पुढे जगभरच्या परफ्यूममध्ये पसरले.

ख्रिस्तियान दिओर यांच्या हाती स्वतःचे घराणे जेमतेम दहा वर्षे राहिले. 24 ऑक्टोबर 1957 रोजी इटलीतील मोन्तेकातिनी येथे वयाच्या 52 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत न्यूयॉर्कमध्ये शाखा निघाली होती आणि मोज्यांपासून टायपर्यंत अनेक वस्तूंवर आपले नाव लावू देऊन त्या बदल्यात विक्रीचा टक्का घेण्याची पद्धत सुरू झाली होती. पॅरिसमधील इतर घराण्यांनी आधी नाके मुरडली आणि मग तोच मार्ग धरला. दिओर यांच्यामागे 21 वर्षांचा इव्ह साँ लोराँ आला. 1960 मध्ये त्याला लष्करी सेवेसाठी बोलावणे आले आणि त्याची जागा मार्क बोआन यांनी घेतली. त्यांनी जवळजवळ तीन दशके, 1989 पर्यंत, शांतपणे घराणे सांभाळले. त्यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

वाटणीचे कारण बूसाक यांची घसरण. गिरण्यांचा धंदा बसू लागला तेव्हा त्यांनी 1968 पासून परफ्यूमची कंपनी शॅम्पेन तयार करणाऱ्या मोएत ए शांदों यांच्या हवाली केली. कपड्यांचे दुकान गिरण्यांसोबत राहिले आणि 1978 मध्ये समूह बुडाल्यावर त्यांच्यासोबतच हस्तांतरित झाले; नवे मालकही काही वर्षांत दिवाळखोर ठरले. 1984 च्या अखेरीस बर्नार्ड अर्नो या 35 वर्षांच्या बांधकाम व्यावसायिकाने तो बुडीत समूह घेतला, त्यातले बहुतेक विकून टाकले आणि दिओर ठेवले. परफ्यूमची बाजू मात्र 1987 मध्ये स्थापन झालेल्या एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या समूहात गेली. अर्नो यांनी पुढे एलव्हीएमएचवरही ताबा मिळवला, तरी कागदोपत्री कपडे आणि सुगंध वेगळेच राहिले. 2017 मध्ये एलव्हीएमएचने कपड्यांची कंपनी सुमारे 6.5 अब्ज युरोंना विकत घेतली तेव्हा ही वाटणी मिटली. मधल्या काळात सामान्य माणसाच्या मनात हे नाव जिवंत ठेवले ते बहुतांशी परफ्यूमनेच, कारण 1985 च्या ‘पॉयझन’ची किंवा 1999 च्या ‘जादोर’ची कुपी घेऊ शकणाऱ्या बायका लाखो होत्या, आणि हातशिवणीचा पोशाख परवडणाऱ्या मूठभर.

भारताशी संबंध आहे, आणि तो जुना आहे. 1962 मध्ये बोआन यांनी आपला संग्रह दिल्लीत आणि मुंबईत दाखवला होता. त्याहून महत्त्वाचा संबंध भरतकामाचा. फ्रेंच व इटालियन घराण्यांचे कितीतरी जरीकाम आणि मणीकाम मुंबईतल्या कार्यशाळांत होते. कागदावर नक्षी काढून तिच्या रेषांवर सुईने बारीक भोके पाडतात, तो खाका कापडावर ठेवून घासलेटात कालवलेली खडूची पूड त्यावर फिरवतात, आणि ठिपक्यांतून उतरलेल्या त्या नक्षीवर अड्ड्याभोवती, म्हणजे कापड ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीभोवती, मांडी घालून बसलेले कारागीर आरीने, म्हणजे आकड्याच्या सुईने, मणी-टिकल्या भरतात. 2016 ते 2025 या काळात दिओरच्या महिला विभागाच्या प्रमुख असलेल्या मारिया ग्राझिया क्युरी यांचा मुंबईतील चाणक्य या भरतकाम संस्थेशी आणि करिश्मा स्वाली यांच्याशी जुना परिचय होता. चाणक्यच्या प्रशिक्षण केंद्रात, पुरुषांच्याच हाती राहिलेले हे काम मुद्दाम बायकांना शिकवले जाते. 30 मार्च 2023 रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर दिओरचा संग्रह सादर झाला तेव्हा मागे उभे असलेले भव्य भरतकामी तोरण याच संस्थेचे होते. पाश्चात्त्य घराणी हा हात बहुधा पडद्याआड ठेवतात. इथे तो नावानिशी पुढे आणला गेला, म्हणून त्या कार्यक्रमाचे मोल मी त्यातल्या कपड्यांपेक्षा अधिक मानते. मात्र असा नामोल्लेख प्रत्येक कार्यशाळेच्या वाट्याला येत नाही, आणि तो यायला हवा.

आपल्या मूळ प्रश्नाबाबत एक व्यवहारी गोष्ट नमूद करते. मालक एक झाला तरी निर्मितीच्या वाटा आजही वेगळ्या आहेत. 2025 पासून पुरुषांचे, महिलांचे आणि हातशिवणीचे असे सर्व कपडे जोनाथन अँडरसन यांच्या अधिकारात आहेत. सुगंधांचे काम 2021 पासून फ्रान्सिस कुर्कजियाँ पाहतात आणि त्या कुप्या ओर्लेआँजवळच्या सँ-जाँ-द-ब्रे येथील कारखान्यातून बाहेर पडतात. त्यामुळे रॅम्पवरचे कपडे आवडले म्हणून त्या वर्षीचे परफ्यूमही त्याच धाटणीचे असेल, असे गृहीत धरू नका. ते आधी मनगटावर लावून पाहा आणि दोन-तीन तास जाऊ द्या, मग ठरवा.