घोडं कुठे पेंड खातंय ते आधी बघ

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

कंप्युटर दर किती वर्षांनी बदलावा, असं विचारलंस आणि वर ‘फक्त आकडा सांगा’ असंही लिहिलंस. आकडा सांगायला माझं काही जात नाही. पण पाच म्हणालो, तर तुझा सहा वर्षांचा लॅपटॉप तू उद्याच मोडीत काढशील. आठ म्हणालो, तर आणखी दोन वर्षं त्याच्यासमोर दात-ओठ खात बसशील. तुझं काम काय आणि ते अडतंय कुठे, याचा त्या आकड्याशी काडीचाही संबंध नसेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

हे ‘तीन वर्षांनी बदला’ प्रकरण आलं कुठून? एके काळी ते खरंच होतं. १९९३ साली पहिला पेंटियम आला तो ६० मेगाहर्ट्झचा. २००० साली प्रोसेसर एक गिगाहर्ट्झवर पोहोचले. सात वर्षांत सोळा-सतरा पट! त्या दिवसांत तीन वर्षं जुन्या मशिनवर नवं सॉफ्टवेअर कित्येकदा चालायचंच नाही. मग २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत जाऊन थबकला. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, पण त्या प्रमाणात उष्णता काही कमी होईना, त्यामुळे वेग पूर्वीच्या झपाट्याने वाढवणं अशक्य झालं. तेव्हापासूनची सुधारणा मुख्यतः कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) वाढवण्यात, प्रोसेसरच्या एका ठोक्यात जास्त काम उरकण्यात आणि वीज वाचवण्यात झाली. सुधारणा मोठीच आहे. पण लेख टाइप करणाऱ्याला, हिशेबाची शीट भरणाऱ्याला किंवा ब्राउझरमध्ये पाच-दहा टॅब उघडून बसणाऱ्याला ती पूर्वीसारखी पावलोपावली जाणवत नाही.

ऑफिसं अजूनही तीन-चार वर्षांनी मशिनं बदलतात, ते पाहून तुझा गोंधळ झाला असेल. त्यांची वॉरंटी संपलेली असते, हिशेबात घसारा लागून गेलेला असतो, आणि शेकडो जुनी मॉडेल्स सांभाळत बसण्यापेक्षा सगळी एकदम बदलणं तिथल्या आयटीवाल्यांना सोपं जातं. यातलं एकही कारण तुझं नाही.

आता तुझ्या लॅपटॉपकडे येऊ. ‘स्लो झालाय’ एवढ्यावरून मला काहीच सांगता येणार नाही. पुढच्या वेळी तो अडकेल ना, तेव्हा चिडून झाकण आपटू नकोस. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. मशिन नीट चालत असताना ते बघून उपयोग नाही. अडलेलं असतानाच बघायचे.

डिस्क शंभर टक्के दिसली आणि तरी तिचा वेग सेकंदाला एक-दोन एमबीच दिसला, तर तुझ्या लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क आहे असं जवळजवळ धरून चाल. लॅपटॉपमधली अशी डिस्क बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, शिवाय ते टोक योग्य जागी सरकायलाही वेळ लागतो. विखुरलेल्या जागांवरून वाचायचं असेल तर सेकंदाला शंभर जागाही होत नाहीत. विंडोज सुरू होताना आणि अपडेट उतरवताना हजारो छोट्या फायली अशाच इकडून तिकडून उचलते. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच, त्यामुळे साधीसुधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो जागा वाचते. ती बसवलीस की तुझा ‘म्हातारा’ लॅपटॉप काही मिनिटांऐवजी काही सेकंदांत उघडेल. अशा वेळी नवा प्रोसेसर हवा म्हणून अख्खं मशिन बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मेमरी नव्वदच्या वर गेली असेल तर रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, अपुरी पडतेय. उरलेलं सामान विंडोज डिस्कवर ठेवते आणि लागेल तसं परत आणते, त्या ने-आणीत सगळं रखडतं. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर खाली ‘फॉर्म फॅक्टर’ अशी एक ओळ असते. तिथे ‘सोडिम’ दिसलं तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे. मग एखादा रिकामा स्लॉट शिल्लक असला तर नशीब, नाहीतर आहे तेवढीच. पट्टी घेताना मशिन डीडीआर ४ चं आहे की डीडीआर ५ चं ते पाहून घे, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्सना इतकी मागणी लावली आहे की रॅमचे भाव चांगलेच चढले, त्यामुळे हा इलाज पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. पण नव्या लॅपटॉपच्या किमतीतही तीच महागलेली रॅम धरलेली असते, हे विसरू नकोस.

सीपीयू शंभरावर आणि पंखा गळा काढतोय, असं असेल तर टास्क मॅनेजरच्या सीपीयूच्या पानावर प्रोसेसरचा चालू वेग बघ. कामाचा भार असताना तो मूळ वेगाच्याही खाली घसरला असेल तर प्रोसेसर तापून स्वतःच स्वतःला आवरतोय. अशा वेळी मागचं झाकण उघडून घ्यावं (सवय नसेल तर जाणत्याकडून). पंख्यातून हवा बाहेर पडते तिथे तांब्याच्या नळीला जोडलेली बारीक पात्यांची जाळी असते. पंखा आणि ती जाळी यांच्या मधोमध धुळीचा आणि केसांचा नमद्यासारखा थर जमतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही, पंखा सोडवावाच लागतो. सहा वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही (उष्णता वाहून नेणारा लेप) सुकलेली असते. थर काढला, पेस्ट नव्याने लावली, की त्याच प्रोसेसरला पुन्हा दम येतो.

बॅटरीचं वेगळं. तिचा जोर कमी होणं हे वय झाल्याचं लक्षण आहेच, पण ते बॅटरीचं वय, कंप्युटरचं नव्हे. विंडोज बॅटरी रिपोर्ट काढून देते. त्यात नवी असतानाची क्षमता आणि आत्ता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता शेजारी शेजारी असतात. निम्म्यावर आली असेल तर बॅटरी बदल. ती फुगून टचपॅड वर उचलला जात असेल तर मात्र रिपोर्टबिपोर्ट सोड आणि मशिन वापरणंच आधी थांबव.

डेस्कटॉपवाल्यांचा एक ठरलेला घोटाळा सांगून ठेवतो. मशिन सुरू केलं की तारीख कित्येक वर्षं मागची दिसते आणि एकेक वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घेते. लोकांना वाटतं, आता कंप्युटर इंटरनेटच्या लायकीचा राहिला नाही. खरं तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तारीख चुकली की वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही, एवढंच.

हे सगळं पाहूनही घोडं अडलेलंच राहिलं, तर मशिन बदलण्याचा विचार रास्त आहे. सोल्डर केलेली रॅम कमी पडते, मदरबोर्ड गेला, बिजागरी बॉडीसकट उखडली: यात पैसे ओतून हाती काही लागत नाही. दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या मशिनच्या किमतीच्या निम्म्याजवळ जायला लागला की मी दुरुस्तीचा नाद सोडतो. हा काही शास्त्रीय नियम नाही, माझा अंदाज आहे, पण तो मला पुरतो.

आणि एक कारण असं आहे की त्यात मशिन ठणठणीत असूनही बदलावं लागतं. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचा लॅपटॉप सुरेख चालत असला तरी अधिकृतपणे रांगेबाहेर. सुरक्षा अपडेट मिळत नसलेल्या मशिनवर बँकेचे व्यवहार करू नयेत, याबाबत मी हट्टी आहे. वाढीव मुदतीचे अपडेट घेऊन थोडा वेळ काढता येतो, विंडोजऐवजी लिनक्स टाकून तेच मशिन पुढे कित्येक वर्षं चालवता येतं. पण तुझं काम एखाद्या विंडोजच्याच सॉफ्टवेअरवर अडकलं असेल तर लिनक्सचा सल्ला तुला फुकटचा उपदेश वाटेल, आणि ते बरोबरच आहे.

यातली चांगली बाजू अशी की या तारखा आधी कळतात. क्रोमबुकच्या (गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या) सेटिंगमध्ये अपडेट कधी थांबणार ते चक्क लिहिलेलं असतं. २०२१ पासूनच्या मॉडेल्सना दहा वर्षं मिळतात. ती वर्षं बाजारात आल्यापासून मोजतात, तू विकत घेतल्यापासून नव्हे, म्हणून सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची तारीख पाहिल्याशिवाय हात लावू नये. ॲपल अशा तारखा जाहीर करत नाही. पण सहसा चालू मॅकओएस आणि तिच्या मागच्या दोन आवृत्त्यांना सुरक्षा अपडेट येतात, आणि इंटेलच्या मॅकसाठी टाहो ही शेवटची आवृत्ती असल्याचं कंपनीने २०२५ मध्येच सांगून टाकलं.

‘एकदाच काय तो सगळ्यात भारी घेतो, दहा वर्षं बघायला नको’ असंही तू लिहिलं आहेस. मला ते पटत नाही. २०२० च्या सुरुवातीला ज्यांनी इंटेलचा सगळ्यात महाग मॅकबुक घेतला, त्यांच्यासमोर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲपलचा स्वतःचा एम १ प्रोसेसर आला आणि साध्या, बिनपंख्याच्या मॅकबुक एअरने कित्येक कामांत त्यांना मागे टाकलं. पुढचं असं काय येईल ते कुणालाच सांगता येत नाही. मधल्या फळीतलं मशिन घे, पाच-सात वर्षं नीट वापर, मग पुन्हा मधल्याच फळीतलं घे. अपवाद रॅमचा. ती सोल्डर केलेली असेल तर आज लागते त्याहून एक पायरी वरची घे, कारण नंतर पश्चात्तापाशिवाय काही वाढवता येणार नाही. आज निदान १६ जीबी.

तू पुढे व्हिडिओ एडिटिंग पोटापाण्यासाठी करणार असशील तर मात्र माझा सूर बदलेल. रोज दहा मिनिटं नुसती वाट बघण्यात गेली तर वर्षाच्या अडीचशे कामाच्या दिवसांत ४१ तासांहून जास्त वेळ जातो. तो वेळ तू कुणाला तरी विकत असतोस. तिथे तीन-चार वर्षांनी बदललेलं मशिनही स्वतःचे पैसे फेडतं. हौसेने महिन्याकाठी एखादा व्हिडिओ जोडणाऱ्याने हा हिशेब स्वतःची समजूत घालायला वापरू नये, एवढंच.

बदलायचं ठरलंच, तर जुनं चालू असतानाच बदल. बंद पडेपर्यंत वापरण्यात काटकसर वाटते, पण मग नेमकं ऐन कामाच्या आठवड्यात दुकानात असेल ते उचलून आणावं लागतं. एसएसडी तर बऱ्याचदा कुरकुर न करताच जाते. दोन्ही मशिनं दोन-तीन आठवडे शेजारी ठेव. कुठल्या सॉफ्टवेअरचं लायसन्स हलवायचं राहिलं, कुठला पासवर्ड फक्त जुन्या ब्राउझरमध्ये होता, हे तेवढ्यात आपोआप बाहेर येतं. नंतर जुनं मशिन पूर्ण पुसून कुणाला तरी वापरायला दे. कपाटात ठेवू नकोस. लॅपटॉपच्या उभ्या आयुष्यातलं बहुतेक कार्बन उत्सर्जन तो बनतानाच झालेलं असतं, त्यामुळे तो आणखी चार वर्षं कुणाच्या हाताखाली राहिला तर तेवढा एक नवा बनणं पुढे ढकललं जातं. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा झाला नाही.

तेव्हा या आठवड्यात नवीन लॅपटॉपच्या जाहिराती बघू नकोस. लॅपटॉप अडकला की टास्क मॅनेजरचा फोटो काढ, प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅमची ती ‘फॉर्म फॅक्टर’ची ओळ लिहून पाठव. डिस्क शंभरावर असेल तर मला विचारायलाही थांबू नकोस, सरळ एसएसडी टाकून घे. बाकी काही दिसलं तर कळव, मग बसून ठरवू.

तुझा,
सर