चर्चची जागा पास्टरच्या नावावर नको, आधी संस्था रजिस्टर करा

ताई नमस्कार, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वेंगुर्ल्याजवळच्या तुमच्या स्वतंत्र मंडळीची उपासना इतकी वर्षं एका भावाच्या पडवीत चालते, आता मंडळीतले एक वयस्कर काका रस्त्यालगतची सहा गुंठे जागा चर्चसाठी देतायत, पास्टर म्हणतात सध्या माझ्या नावावर करा पुढचं नंतर बघू, आणि कुणीतरी अमेरिकेतल्या एका चर्चचे बायलॉज, म्हणजे संस्थेची नियमावली, पाठवलेत, त्यात नुसतं नाव बदलून चालेल का.

जागेचं आधी सांगतो, कारण घाई तिथेच चाललीय. पास्टरच्या नावावर जागा करू नका. त्यांच्या मनात काहीही वाईट नसेल, तुम्ही लिहिलंय त्यावरून माणूस चांगलाच दिसतो, पण कागदावर ती त्यांची खाजगी मालमत्ता होणार आणि उद्या मृत्युपत्र न करता त्यांचं काही बरंवाईट झालं तर भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ प्रमाणे एक तृतीयांश बायकोला, दोन तृतीयांश मुलांना, मंडळीला काहीच नाही. मग ज्या मुलांना तुम्ही संडे स्कूलमध्ये शिकवलं त्यांच्याच विरुद्ध कोर्टात उभं राहायची पाळी येते.

म्हणजे आधी संस्था, मग दानपत्र, कारण जी संस्था अस्तित्वातच नाही तिला दान देता येत नाही. आपल्याकडे दोन रस्ते आहेत. एक साधा ट्रस्ट डीड करून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खाली नोंदणी, दुसरा सोसायटी रजिस्ट्रेशन ॲक्ट १८६० खाली निदान सात जण मिळून संस्था आणि मग तीच संस्था पब्लिक ट्रस्ट म्हणूनही नोंदवायची, दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातच होतात. ट्रस्टमध्ये ट्रस्टी तहहयात बसू शकतात आणि सभासदांना फारसं विचारलंच जात नाही, म्हणून तुमच्यासारख्या सगळ्यांनी मिळून चालवलेल्या मंडळीला मी सोसायटीच सांगेन. सरकार उपासनेत लुडबुड करेल ही तुमची भीती मनातून काढून टाका. प्रत्येक संप्रदायाला आपला धार्मिक कारभार स्वतः बघायचा हक्क देणारं भारताच्या राज्यघटनेचं कलम २६ आहेच, आणि याच १९५० च्या कायद्यावर रतिलाल गांधी केसमध्ये १९५४ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की मालमत्तेच्या कारभारावर कायद्याने नियम घालता येतात पण धार्मिक बाबी संप्रदायाच्या स्वतःच्याच. बाप्तिस्मा कसा द्यायचा, प्रभुभोजन कधी, हे कोणी विचारणार नाही, हिशोब मात्र विचारणार आणि तो विचारायलाच हवा.

आता बायलॉज. ती अमेरिकन कॉपी वाचायला हरकत नाही, पण त्यात मंडळी बंद पडली तर मालमत्ता ५०१ सी ३ वाल्या संस्थेला जाईल असं काहीतरी असणार, तो तिकडचा इन्कम टॅक्सचा कायदा, इथे त्याला अर्थ नाही. इथे १८६० च्या कायद्यानेच संस्था बंद झाली तर उरलेलं सभासदांत वाटून घेता येत नाही, दुसऱ्या संस्थेलाच द्यावं लागतं. तर संस्थेची घटना, म्हणजे हेच बायलॉज, तुम्ही स्वतः मराठीत लिहा, आणि दोन गोष्टींवर हवा तेवढा वेळ घालवा. पहिली म्हणजे सभासद कोण. दर रविवारी येणारा प्रत्येक जण? फक्त बाप्तिस्मा घेतलेले? वय किती? मुंबईला गेलेला चाकरमानी जो फक्त नाताळला येतो पण दानार्पण दर महिन्याला पाठवतो, त्याला मत आहे का? हे लिहिलं नाही तर भांडणाच्या दिवशी दोन्ही गट आपापल्या याद्या घेऊन येतात आणि मग सगळं रजिस्टरवर येऊन अडतं. आणि वर्गणी ठेवलीत तर जपून, तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली की कायद्यानेच मत जातं, आपल्याकडे मासेमारी बंद असते त्या पावसाळ्यात गरीब घरांची नेमकी तेव्हाच थकते, म्हणून वर्गणी वर्षाची आणि अगदी कमी ठेवा.

दुसरी गोष्ट पास्टरची. नेमणूक कोण करणार, मानधन कोण ठरवणार, काढायचं झालं तर किती मतांनी, उत्तर द्यायची संधी कशी, राहायची खोली किती दिवसांत सोडायची, सगळं लिहा. माझं स्पष्ट मत, मानधन घेणारा माणूस कमिटीत नको आणि बँकेच्या सहीत तर नकोच. हे पास्टरसमोर बसूनच ठरवा, त्यांच्या पाठीमागे नको. बाकी कोरम, नोटिशीचे दिवस, ऑडिट वगैरे नेहमीचंच, नमुना घटनेत मिळेल.

काकांचा सातबारा मात्र माणूस पाठवून ताजा काढा. कोकणात जागा एकाची म्हणतात आणि उताऱ्यावर अकरा नावं निघतात, त्यातली चार मयत, शिवाय इतर हक्कात कुळाचं नाव. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या किंवा आधी वाटप, नाहीतर दान फक्त काकांच्या हिश्श्याचंच. जमीन शेतीची असेल तर संस्था शेतकरी नाही, म्हणून दानालासुद्धा कूळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगी लागते. किनारा जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे निर्बंध, तेही बघा. आणि बांधकाम परवानगी प्रार्थनास्थळ म्हणूनच मागा, हॉल म्हणून मागून नंतर क्रॉस लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

ख्रिश्चन माणसाला पुतणे असतील तर धर्मासाठी मृत्युपत्र करता येत नाही हे काकांना कोणी सांगितलंय ते जुनं झालं, उत्तराधिकार कायद्याचं कलम ११८ तसं बंधन घालायचं पण सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये ते रद्द केलंय. तरी मी रजिस्टर्ड दानपत्रच सांगेन, शंभरच्या स्टॅम्पवर नोटरी केलेल्या कागदाने जमीन जात नाही. दानपत्र झालं की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे मालमत्तेत झालेल्या बदलाची नोंद, टाका, आणि पुढे ही जागा विकायची किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागेल हे सगळ्यांना आजच सांगून ठेवा.

अजून एक, संस्था रजिस्टर झाली म्हणून पास्टरना लग्न लावायचा अधिकार आपोआप मिळत नाही, १८७२ च्या ख्रिश्चन विवाह कायद्याखाली त्यांचं लायसन्स वेगळं लागतं, ते नसेल तर तोवर लग्नं मॅरेज रजिस्ट्रारकडे करा. आणि संस्थेचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत काकांना सांगा की कोणी कितीही आग्रह केला तरी कुठल्याच कागदावर सही करू नका.