मुलगा सातवीत आहे, घरात एकच कॉम्प्युटर. त्याचं वेगळं अकाउंट आणि पॅरेंटल कंट्रोल कसं लावायचं? यूट्यूबवर काय बघतो ते कळेल का? आपला विश्वास नाही असं त्याला वाटणार नाही ना?

तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर लिहायला बसले. विश्वासाची ही गोष्ट मी घरात तीन वर्षं ऐकली आहे.

आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत एकत्र राहतो. मिस्टरांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांचं जॉबवर्क असतं. बिलं, चलनं, जीएसटी सगळं मी घरी टॅलीवर करते. पोरांचा अभ्यास आणि गेमही त्याच कॉम्प्युटरवर. अकाउंट एकच, तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर काहीही बदलायची मुभा असलेलं. वेगळी अकाउंट करूया म्हटलं की मोठे दीर म्हणायचे, "पोरगं घरचंच हाय की. घरच्या पोराला कुलूप घालतीस?" मी गप्प बसायचे.

धाकटा तेव्हा सातवीतच होता. गेममध्ये फुकट कॉइन मिळतात म्हणून त्याने कुठलीशी फाईल उतरवली. व्हिडिओत सांगितलं होतं, आधी अँटीव्हायरस बंद करा. त्याने केला. स्क्रीनवर 'यस, नो' आलं, त्याने यस दाबलं. बारा वर्षांचं पोर दुसरं काय दाबणार? दुसऱ्या दिवशी टॅलीत कंपनीच उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावामागे भलतीच अक्षरं आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी.

जूनची 16 तारीख होती, 20 ला 3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न भरायचं. उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी, कर थकला तर वर्षाला 18 टक्के व्याज. बॅकअप होता, पण मार्चअखेरचा. विक्रीचे आकडे आधीच भरलेल्या आर-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, जीएसटी पोर्टलवर सापडले, तेवढं वाचलं. बाकी एप्रिल-मेची चलनं आणि खर्चाच्या पावत्या फरशीवर पसरून चार रात्री बसलो. मिस्टर वाचायचे, मी एंट्री मारायची. 20 ला रात्री साडेदहाला रिटर्न गेलं.

पैसे मागणारी चिठ्ठी दिसली त्याच संध्याकाळी भाऊजींनी पोराच्या कानाखाली वाजवली होती. अजूनही ते चारचौघांत म्हणतात, "ह्यानं धंदा बुडवला असता." मी अजूनही सांगते, पोराची चूक नव्हती. मालकाची किल्ली त्याच्या हातात आम्ही दिली होती. त्याचं अकाउंट स्टँडर्ड असतं तर अँटीव्हायरस बंद करताना माझा पासवर्ड मागितला असता आणि त्याने हाक मारली असती, "आई, हे काय विचारतंय?" वर्कशॉपमध्ये नवीन पोराला पहिल्याच दिवशी एकट्याला लेथवर उभं करत नाहीत. त्याला कुणी अविश्वास म्हणत नाही.

आता तुमचं. विंडोज 11 असेल तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे फॅमिली. मुलाचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट काढून चाइल्ड म्हणून जोडा. वेळेची मर्यादा वाराप्रमाणे लावता येते. वेळ संपली की तो जास्त वेळ मागतो, ती विनंती तुमच्याकडे येते. मायक्रोसॉफ्टशी न जोडलेलं साधं लोकल अकाउंट काढलंत तर हे काही चालणार नाही. तुमच्या अकाउंटचा पिन बदला, पोरं बोटांकडे बघून पाठ करतात. आणि रोजच्या कामाला तुम्हीही स्टँडर्ड अकाउंटच वापरा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर वेगळं ठेवा. मी तसंच करते.

वेबसाइटची गाळणी फक्त एज ब्राउझरमध्ये चालते, ती लावली की बाकीचे ब्राउझर बंद होतात. कुठल्या साइटवर गेला हेही एजमधलंच दिसतं. यूट्यूबचं खरं नियंत्रण गूगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या अ‍ॅपमधून होतं, ते वेगळं बसवावं लागेल. पण हे सगळं मुलाला शेजारी बसवून करा. चोरून लावलेलं त्याला कळलं की मग मात्र विश्वासाचा प्रश्न येतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. नुसत्या वेगळ्या अकाउंटने सगळं वाचत नाही. तुमच्या डॉक्युमेंट्समधल्या फाईलींना मुलाच्या अकाउंटमधून हात लागत नाही, पण डी ड्राइव्ह सहसा सगळ्या अकाउंटना उघडा असतो. आमचा टॅलीचा डेटा डीवरच होता. म्हणजे भाऊजींना मी जे सांगते त्यातही एवढं उणं आहे: अँटीव्हायरसला हात न लावता ती फाईल चालली असती, तर अकाउंट वेगळं असूनही डेटा गेला असता. म्हणून कामाच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे 'डिसेबल इनहेरिटन्स' करा, आणि 'सिस्टिम' व तुमची अकाउंट सोडून बाकीची काढून टाका. बॅकअपची डिस्क कॉपी झाली की लगेच काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्कही त्याच फेऱ्यात जाते.