वाचक विचारतात : पार्लमेंटने उभी केलेली फौज पार्लमेंटवरच का उलटली?

गेल्या अंकात इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचं डोकं १६४९ च्या जानेवारीत कसं उडवलं गेलं त्यावर लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं आणि मेसेज राजाबद्दल नाहीतच, सगळ्यांना पार्लमेंटच्या त्या 'न्यू मॉडेल आर्मी' नावाच्या फौजेबद्दल जाणून घ्यायचंय जिने हे घडवून आणलं. म्हणून यावेळी सगळं सदर त्याच विषयाला दिलंय.

प्रश्न : सर, पार्लमेंटकडे १६४२ पासून सैन्य होतंच ना, राजाशी लढतही होतं, मग १६४५ मध्ये 'न्यू मॉडेल आर्मी' म्हणून वेगळी फौज कशाला काढली? आमच्या पुस्तकात एका ओळीत उरकलंय. – एम.ए. इतिहासची विद्यार्थिनी, नाशिक

सैन्य होतं, पण एक सैन्य नव्हतं, सगळी गोम तिथंच आहे बघ. एसेक्सच्या अर्लचं (अर्ल म्हणजे तिकडचा मोठा सरदार) वेगळं, पूर्वेकडच्या जिल्ह्यांनी मिळून उभं केलेलं मँचेस्टरच्या अर्लचं वेगळं, दक्षिणेत सर विल्यम वॉलरचं वेगळं, आणि पैसा ज्याच्या त्याच्या भागातून यायचा, त्यामुळे तिथले लोक म्हणायचे आमच्या पैशावर पोसलेली माणसं आमच्या हद्दीबाहेर कशाला नेता. लंडन शहराच्या पलटणींमध्ये दुकानदार, कारागीर आणि त्यांच्या हाताखाली काम शिकणारी पोरं, त्यांना घर सोडून काही आठवडे झाले की 'घरी चला, घरी चला' असा ओरडाच सुरू व्हायचा. शेवटी १६४४ मध्ये वॉलरने वैतागून पार्लमेंटला कळवलं की असल्या लोकांच्या जिवावर हे काम तडीला जाणार नाही, फौज पाहिजे तर ती फक्त तुमची पाहिजे.

त्या एका वर्षात काय काय झालं ते नुसतं ओळीने बघ. जुलैत मार्स्टन मूरला पार्लमेंट आणि स्कॉटिश फौजेने मिळून मोठी लढाई जिंकली, अख्खं उत्तर हातात आलं. सप्टेंबरात कॉर्नवॉलमध्ये लॉस्टविदियलला एसेक्स अडकला, स्वतः होडीतून निसटला आणि मागे त्याच्या पायदळाने शस्त्रं खाली ठेवली. ऑक्टोबरात न्यूबरीला राजा जवळजवळ कोंडीत सापडला होता तर रात्रीतून निघून गेला. मग खडाजंगी झाली. मँचेस्टरचं म्हणणं होतं की आपण राजाला नव्याण्णव वेळा हरवलं तरी तो राजाच राहणार, आणि त्याने एकदा जरी आपल्याला हरवलं तरी आपण सगळे फासावर. त्याच्याच हाताखाली घोडदळ सांभाळणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलने त्याला तोंडावर विचारलं, मग मुळात शस्त्रं उचलली कशाला? मला वाटतं या एका प्रश्नात सगळं आलं. वरचे सरदार तडजोडीपुरते लढत होते, खालच्यांना जिंकायचं होतं.

यावर तोडगा असा काढला की पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांनी लष्करातली पदं सोडायची, एप्रिल १६४५ चा तो वटहुकूम, आणि त्यामुळे कोणाचाही अपमान न करता एसेक्स, मँचेस्टर, वॉलर तिघेही बाजूला झाले. क्रॉमवेलही सदस्यच होता, पण त्याला मुदतवाढ मिळत गेली आणि घोडदळ त्याच्याकडे आलं. सरसेनापती केलं सर थॉमस फेअरफॅक्सला, वय ३३. कागदावर फौज २२ हजारांची, पायदळाच्या १२ रेजिमेंट, घोडदळाच्या ११ आणि घोड्यावरून जाऊन पायउतार होऊन लढणारे एक हजार ड्रगून. पायदळाला लाल कोट. आणि महत्त्वाचं म्हणजे पैसा एका जिल्ह्याचा नाही, ठरलेला मासिक कर, महिन्याला ५३ हजार पौंडांहून जास्त. पायदळाच्या शिपायाला दिवसाला ८ पेनी. म्हणजे आता ही फौज कुठल्या अर्लची नव्हती आणि कुठल्या जिल्ह्याचीही नव्हती, ती देशभर कुठेही जाऊ शकत होती. हे लक्षात ठेव, कारण पुढचं सगळं यातूनच निघालं.

प्रश्न : हे सगळे बायबल हातात घेतलेले स्वयंसेवक होते असं वाचलंय. खरं का? – एक वाचक, कोल्हापूर

अर्धंच खरं. घोडदळात बरेचसे स्वतःहून आलेले, लिहिता-वाचता येणारे, आपल्या प्रार्थनेच्या मंडळीत स्वतः उभं राहून प्रवचन देणारे लोक होते, आणि बिशप नको, प्रत्येक मंडळीला आपला कारभार आपण करू द्या असं म्हणणाऱ्यांचा तिथं जोर होता. पायदळात मात्र निम्म्याहून जास्त लोक गावागावातून धरून आणलेले होते, ते पळून जायचे, मग पुन्हा भरती, आणि हरलेल्या राजाच्या सैनिकांनाही यात घेतलं जायचं. १४ जून १६४५ ला नेस्बीला याच फौजेने राजाचं मुख्य सैन्य मोडलं. राजाची खासगी पत्रांची पेटी सापडली, पत्रं छापून वाटली गेली, आणि तो आयर्लंडमधून कॅथलिक फौज आणायचा खटाटोप करत होता हे लोकांना कळलं. पण त्याच दिवशी राजाच्या छावणीतल्या शंभरेक बायका यांनी कापून काढल्या आणि अनेकींचे चेहरे विद्रूप केले. बायबलच्या गोष्टी सांगताना हे गाळू नये.

प्रश्न : युद्ध तर १६४६ ला जिंकलं, मग फौजेनं घरी जायचं सोडून राजकारणात उडी का घेतली? क्रॉमवेलच्या डोक्यात आधीपासून सत्ता होती का? – बँक कर्मचारी, सोलापूर

क्रॉमवेलपासून सुरू केलं की उत्तर चुकतं असं माझं स्पष्ट मत आहे. थकलेल्या पगारापासून सुरू करा.

१६४७ च्या वसंतात पायदळाचा १८ आठवड्यांचा पगार थकला होता आणि घोडदळाचा ४३ आठवड्यांचा. पार्लमेंटमधल्या डेन्झिल होल्सच्या गटाला फौज लवकरात लवकर मोडायची होती, काहींना आयर्लंडला पाठवायचं, बाकीच्यांना घरी, आणि थकबाकीचं नंतर बघू. शिपायांच्या मागण्या काय होत्या बघा. थकबाकी द्या. युद्धात हुकमावरून कोणाचा घोडा घेतला असेल तर त्याबद्दल आता कोर्टात खेचू नका, कारण असे खटले खरंच चालू झाले होते. मेलेल्यांच्या विधवांची आणि मुलांची सोय करा. जबरदस्तीने परदेशी पाठवू नका. यात राजकारण कुठंय सांगा? आणि हा अर्ज त्यांनी पार्लमेंटकडे नाही, आपल्या सेनापतीकडे द्यायचा ठरवला होता.

त्यावर होल्सने मार्चच्या शेवटी एका रात्रीत ठराव लिहून पास करून घेतला की जे हा अर्ज पुढे रेटतील ते राज्याचे शत्रू समजले जातील. ज्यांनी पार्लमेंटसाठी रक्त सांडलं त्यांना पार्लमेंट शत्रू म्हणतंय! पगार थकला तर माणूस कुरकुर करतो, वर असा शिक्का मारला की तो संघटित होतो. रेजिमेंटनी आपापले प्रतिनिधी निवडले, त्यांना अ‍ॅजिटेटर म्हणत, साधे शिपाई, मतं घेऊन निवडलेले. त्या काळात युरोपात कुठल्या सैन्यात असं चालत होतं?

जूनच्या सुरुवातीला जॉर्ज जॉइस नावाचा एक कॉर्नेट, म्हणजे घोडदळातला सगळ्यात खालच्या पायरीचा अधिकारी, पाचेकशे स्वार घेऊन होल्मबी हाउसला गेला जिथं राजा पार्लमेंटच्या ताब्यात होता. सकाळी राजा बाहेर आला आणि विचारायला लागला, तुझ्याकडे हुकूमनामा कुठंय, फेअरफॅक्सची सही आहे का. जॉइस आधी टाळाटाळ करत राहिला, शेवटी म्हणाला माझा हुकूमनामा माझ्या मागे आहे, आणि मागच्या स्वारांकडे हात केला. राजा हसून म्हणाला, इतका स्वच्छ लिहिलेला हुकूमनामा मी आजवर पाहिला नव्हता. राजा गेला फौजेबरोबर. १४ जूनला फौजेने जाहीर केलं की आम्ही कोणा मनमानी सत्तेसाठी भाड्याने घेतलेले लोक नाही, आम्हाला आमच्या आणि लोकांच्या हक्कांच्या रक्षणासाठी पार्लमेंटने बोलावलं होतं. भरतीच्या वेळी पार्लमेंटने जे जे सांगितलं होतं ते या लोकांनी मनावर घेतलं होतं एवढंच.

ऑक्टोबरच्या शेवटी थेम्सकाठच्या पुटनीच्या चर्चमध्ये जनरल, कर्नल आणि शिपायांचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसून देशाला कोणती घटना पाहिजे यावर दिवसेंदिवस वाद घालत होते. कर्नल रेन्सबरो म्हणाला, इंग्लंडमधल्या सगळ्यात गरीब माणसालाही सगळ्यात मोठ्या माणसाइतकंच आपलं आयुष्य जगायचं असतं, म्हणून ज्या सरकारच्या हाताखाली राहायचं त्याला त्याची संमती हवी. क्रॉमवेलचा जावई आयर्टन म्हणाला, ज्याचा या देशात कायमचा काही हितसंबंध नाही, म्हणजे जमीनजुमला नाही, त्याला मत कसं देणार, उद्या तो बहुमताने मालमत्ताच वाटून टाकेल. त्यावर सेक्सबी, हा शिपायांचा प्रतिनिधी, तो भडकला, आम्ही जमीन नसताना जीव धोक्यात घातला ते काय निव्वळ भाडोत्री म्हणून? मला हा वाद वाचताना आजही अंगावर काटा येतो, कारण बोलणाऱ्यांपैकी कोणालाही माहीत नव्हतं की हे जपलं जाईल. फौजेचा सेक्रेटरी विल्यम क्लार्क याने टिपून घेतलं, ते कागद ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात पडून राहिले आणि जवळजवळ अडीचशे वर्षांनी, १८९१ मध्ये छापले गेले.

पुढच्या महिन्यात वेअरजवळच्या माळावर काही शिपाई घटनेच्या मसुद्याचे कागद टोपीत खोचून आले तेव्हा क्रॉमवेल आणि फेअरफॅक्सने ते मोडून काढलं. तिघांना फासे टाकायला लावले, त्यात रिचर्ड अर्नोल्ड नावाचा शिपाई हरला, त्याला सगळ्यांसमोर गोळी घातली. तेव्हा सत्तेची आस आधीपासून होती का म्हणाल तर मला तसं दिसत नाही. क्रॉमवेल १६४७ भर दोन्ही बाजूंना सांभाळत होता आणि घडामोडी त्याला ओढत नेत होत्या.

प्रश्न : मी २८ वर्षं फौजेत काढली. आमच्याकडे शिकवण एकच, शिपायाने राजकारणात तोंड घालायचं नाही. तुमच्या लेखातून तुम्ही त्यांची बाजू घेताय असं वाटलं. चूक कोणाची ते सरळ सांगा. – सुभेदार (निवृत्त), सातारा जिल्हा

सुभेदारसाहेब, नमस्कार. सरळच सांगतो. १६४७ पुरती मी त्यांची बाजू घेतो आणि उघडपणे घेतो. पगार मागणं, विधवांसाठी बोलणं याला मी राजकारण म्हणत नाही, आणि ज्याने फौज उभी केली त्यानेच तिला शत्रू ठरवलं ही चूक पार्लमेंटचीच.

पण १६४८ नंतर तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. राजाने स्कॉट लोकांशी संधान बांधून पुन्हा युद्ध पेटवलं, फौजेने ते प्रेस्टनला वगैरे जिंकलं, आणि तरीही पार्लमेंट राजाशीच बोलणी करत राहिलं, इथपर्यंत त्यांचा संताप समजतो. मग ६ डिसेंबरला कर्नल प्राइड हातात यादी घेऊन सभागृहाच्या जिन्यावर उभा राहिला, शेजारी सदस्यांना ओळखून दाखवायला लॉर्ड ग्रे, आणि येणाऱ्या सदस्यांपैकी नको असलेले ४० हून जास्त पकडले, बाकी कितीतरी परत पाठवले. उरलेल्या मूठभरांनी राजावर खटला चालवला. निवडून आलेल्या माणसाला शिपायाने दारात अडवलं की त्यानंतर जे काही ठरतं त्याला लोकांची संमती आहे असं कोणत्या तोंडाने म्हणणार? पुटनीत तर हीच संमती मागत होते ना हे लोक!

आणि एकदा अडवलं की ते थांबत नाही. १६५३ मध्ये क्रॉमवेलने त्या उरलेल्यांनाही बंदुकवाले आणून बाहेर काढलं. १६५५ ला देशाचे विभाग पाडून त्यांवर मेजर-जनरल बसवले, ते लोकांना इतके नकोसे झाले की १६५७ पर्यंत गुंडाळावे लागले. त्याच वर्षी क्रॉमवेलला राजमुकुट देऊ केला तो त्याने नाकारला, त्यात त्याच्याच अधिकाऱ्यांचा विरोध हे मोठं कारण होतं. म्हणजे फौज कोणाला राजा होऊ देत नव्हती आणि लोकांनी मान्य केलेलं दुसरं काही उभंही करू शकत नव्हती.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते आयर्लंड. १६४९ च्या सप्टेंबरात ड्रॉहेडा आणि ऑक्टोबरात वेक्सफर्ड, दोन्ही ठिकाणी शरण येऊ पाहणाऱ्यांची आणि नागरिकांची कत्तल झाली. काही शिपायांनी तिकडे जायला नकार दिला होता, त्या वसंतातलं बंड बरफर्डला चिरडलं आणि तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या. मग ज्या थकबाकीपासून सगळं सुरू झालं ती कशी फेडली माहितीये? आयरिश लोकांच्या जप्त केलेल्या जमिनींच्या हुंड्या देऊन. शिपायांना रोख हवे होते, बहुतेकांनी त्या हुंड्या मिळेल त्या भावात आपल्याच अधिकाऱ्यांना विकल्या. शिपाई शेवटी मोकळ्या हातानेच राहिला आणि बेघर झाला तो ज्याचा या भांडणाशी संबंध नव्हता तो आयरिश जमीनमालक.

प्रश्न : या फौजेचं शेवटी काय झालं? आज काही उरलंय का? – एक वाचक, दादर

देशाचा कारभार हातात असलेला क्रॉमवेल ३ सप्टेंबर १६५८ ला वारला, त्याच्या जागी आलेल्या मुलाला, रिचर्डला, सेनापतींनी वर्षभरही टिकू दिलं नाही, मग सेनापती आपसात भांडायला लागले. स्कॉटलंडमधल्या फौजेचा प्रमुख जनरल मंक १६६० च्या जानेवारीत कोल्डस्ट्रीम गावापाशी सरहद्द ओलांडून लंडनकडे निघाला, शिस्तीत आणि पगार दिलेली फौज घेऊन, आणि समोरची पगार न मिळालेली फौज वाटेतच विरघळली. मंकने प्राइडने हाकललेले सदस्य परत बसवले, निवडणूक झाली, दुसरा चार्ल्स परत आला. तुम्ही दादरचे म्हणून सांगतो, याच चार्ल्सला पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्नाच्या १६६१ च्या करारात मुंबई मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

फौज मोडली ती मात्र नव्या राजवटीने पैसे मोजून मोडली, १६४७ ला जे जमलं नव्हतं ते. भीती मनातून गेली नाही, १६८९ च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात लिहूनच टाकलं की शांततेच्या काळात पार्लमेंटच्या परवानगीशिवाय कायमची फौज ठेवणं बेकायदा. आणि उरलंय म्हणाल तर मंकची स्वतःची रेजिमेंट उरली. तिने फेब्रुवारी १६६१ मध्ये टॉवर हिलवर रीतसर शस्त्रं खाली ठेवली आणि लगेच राजाच्या नोकरीत परत उचलली, तीच आजची कोल्डस्ट्रीम गार्ड्स.