‘ली’ला मराठीत काय म्हणावं?

प्राचीन चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या विचारातला ‘ली’ हा शब्द इंग्रजीत बहुधा ‘रिच्युअल’ म्हणून येतो. मग मराठीत त्याला ‘कर्मकांड’ म्हणावं का, असा प्रश्न आहे.

माझं उत्तर: नको. ‘कर्मकांड’ या शब्दाला आज पोकळपणाचा वास येतो. ‘नुसतं’ असं न लिहिताही वाचकाला ते ऐकू येतं. ‘ली’चं मर्म नेमकं याच्या उलट आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ हर्बर्ट फिंगरेट यांनी १९७२ साली कन्फ्यूशियसवरच्या छोट्याशा पुस्तकात ते हस्तांदोलनाच्या उदाहरणानं उलगडलं. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसतं, मी हसून हात पुढे करतो आणि त्याचाही हात आपसूक पुढे येतो. ना हुकूम, ना जबरदस्ती. एकमेकांना माणूस म्हणून मान देणं त्या साध्या कृतीतच घडतं. फिंगरेटना यातच ‘ली’चं पावित्र्य दिसतं, आणि मला ते मनापासून पटतं.

‘विधी’ म्हटलं की होम नि मंत्र डोळ्यांसमोर येतात, हस्तांदोलन येत नाही. ‘शिष्टाचार’ फार वरवरचा. ‘उपचार’ हा खरं तर सुंदर शब्द. षोडशोपचार पूजेत तो अजून जिवंत आहे. पण ‘औपचारिक’नं त्याची रया घालवली.

माझी पसंती ‘रीत’ला. लग्नातली रीत असते, पाहुण्याला पाणी देण्याचीही रीत असते, आणि ‘ही काय रीत झाली?’ हा मराठी माणसाचा नैतिक सवालच असतो. ‘ली’च्या चिनी चिन्हात वेदीची खूण आहे. ते पावित्र्य ‘रीत’मध्ये थोडं उणं पडतं, हे खरं.

वाक्यात घालून पाहा. दर महिन्याच्या प्रतिपदेच्या विधीतला मेंढराचा बळी बंद करावा, असं कन्फ्यूशियसचा शिष्य त्झकुंग याच्या मनात होतं. गुरू म्हणाले, ‘तुला मेंढराची माया, मला रीतीची.’ इथे ‘कर्मकांडाची’ म्हणा, गुरू लगेच हेकट वाटू लागतात.

एक काळजी मात्र घ्या. नफा या अर्थाचा ‘ली’ आणि पुढे बाराव्या शतकातल्या चू शी या चिनी तत्त्वज्ञाच्या विचारात मध्यवर्ती झालेला तत्त्व या अर्थाचा ‘ली’ हे वेगळे शब्द आहेत. देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘ली, म्हणजे रीत’ असं लिहा.