पत्र्यावरचा पाऊस आणि तुझी वही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. विजेची भीती नाही, आवाजच सोसवत नाही, पत्रा वाजू लागला की पीयूसीचं (अकरावी-बारावीचं) पुस्तक मिटतं, असं तू लिहिलंस. सदलग्याच्या पोरीला पाऊस समजावून सांगायला नको. २०१९च्या ऑगस्टातला पूर तुम्ही दूधगंगेच्या काठावर काढलाय. म्हणून धीराची वाक्यं वगळतो आणि एकच सांगतो: आवाज मोज.

आधी गडगडाट. वीज जाते तिथली हवा क्षणात ३०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि एकदम फुगते, तोच कडकडाट. उजेड लगेच दिसतो. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. चमकलं की मोजायला लाग आणि आलेल्या आकड्याला तीनाने भाग. १२ आले तर वीज चार किलोमीटरवर. लांबलचक गडगड ऐकून तू जास्त घाबरतेस; पण विजेची वाट काही किलोमीटर लांब असते, तिच्या दूरच्या टोकाचा आवाज उशिरा पोचतो म्हणून ती गडगड लांबते. जवळची वीज एकदाच काडकन वाजते. आणि आवाज कानावर येतो तेव्हा ती वीज पडून गेलेली असते.

मोजलेला आकडा ३० सेकंदांच्या आत आला तर पक्क्या घरात जायचं. झाडाखाली नाही, उसातल्या खोपीत नाही. नळाला हात लावायचा नाही, टीव्हीचा प्लग आभाळ भरून येतानाच काढायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच थांबायचं. एवढं केलंस की सुरक्षिततेचं काम संपलं. तू तिथं थांबत नाहीस, पुन्हा प्लग बघतेस, पुन्हा विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप उघडतेस. एकदा बघ. दर पाच मिनिटांनी बघणं म्हणजे भीतीला चारा घालणं.

आता पत्रा. तुझ्या मनात पत्र्याचा आवाज आणि पुराचं पाणी एकत्र बांधलं गेलंय. ती गाठ सोडव. दूधगंगा फुगते ती घाटातल्या पावसानं आणि काळम्मावाडी धरणातून सोडलेल्या पाण्यानं. तुमच्या छपरावर किती ढोल वाजला यावर नाही. वळवाच्या सरी पत्रा सगळ्यात जोरात बडवतात, तेव्हा नदी तळाला असते. म्हणून पावसाळ्यात सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला धरणाचा विसर्ग किती क्युसेक ते वहीत लिही. मध्ये नाही. कान नदीबद्दल काही सांगत नाहीत, आकडा सांगतो.

छपराचंही बघून घ्या. उन्हानं रबरी वायसर कडक होतात, पत्रा धरून ठेवणारे जे-हुक सैल पडतात आणि वाऱ्यात जोडाची कड फडफडते. निम्मं भय त्या फडफडीचं असतं. वायसर बदलून घ्या, पण नट जास्त आवळू नका, वायसर चेपतो आणि गळती लागते. वर पोती टाकू नका, ती पाणी धरतात आणि पत्रा गंजतो. खाली थर्माकोल लावून उष्णता कमी होते, आवाज फारसा नाही. हवेची पोकळी ठेवून वजनदार बोर्ड आणि मध्ये ५० मिलिमीटर ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) हवं. खर्चाचं काम आहे, यंदा नाही जमलं तरी चालेल. सराव मात्र यंदाच.

सराव असा. तुमच्याच पत्र्याचा पाऊस आणि गडगडाट फोनवर रेकॉर्ड केलेला हवा. झोपेसाठी मिळतो तो गोड पाऊस उपयोगाचा नाही. भीतीला ० ते १० गुण दे. पहिल्या दिवशी ३-४ भीती वाटेल एवढाच आवाज ठेव आणि रोज अर्धा तास ऐक, दर पाच मिनिटांनी आकडा लिही. त्या वेळात फोन चाळायचा नाही, कानात कापूस नाही, नाम घ्यायचं तर आधी घे. सुरुवातीचाच आकडा २वर आला की एक पायरी वाढव, मग अंधारात, मग खरा पाऊस. भीती टोकाला असताना बंद केलंस तर शरीर शिकतं की बंद केलं म्हणून वाचलो. सगळा घोळ इथंच होतो! दुसरा घोळ आठवड्यातून एकदाच बसण्याचा. छाती धडधडली तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. भराभर मोठे श्वास घेतलेस तर बोटांना मुंग्या येतील आणि चक्कर वाटेल.

लक्ष दुसरीकडे वळव, असं मीही कित्येक वर्षं सांगत आलो. ते चुकीचं होतं, आणि ज्यांना सांगितलं त्यांची भीती तशीच राहिली याची खंत आहे. म्हणूनच आता मोजण्याचा एवढा हट्ट धरतो. तू त्याला कडकपणा म्हणशील, म्हण.

आईला सांग, तू "काय होणार नाही ना?" विचारलंस की तिनं "नाही गं" म्हणायचं नाही, "किती आले?" एवढंच विचारायचं.

दोन-तीन आठवडे झोप उडाली किंवा कॉलेज बुडू लागलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६वर फोन कर, मोफत आहे. कुणाच्या घरातली झोपेची गोळी मात्र घेऊ नकोस; सवय लागते, आणि गोळीच्या गुंगीत सराव शिकवत नाही.

वळीव एप्रिलात सुरू होतील, हाताशी महिने आहेत. पहिल्या आठवड्याची वही मला पाठव. आकडे खोडून नीटनेटके करू नकोस, जसे आले तसेच हवेत.