सिस्टरला विचारा : रात्री दोन वाजता ताप आला तर?

(रक्ताच्या आजारांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलेल्या आमच्या सिस्टर यावेळी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतायत.)

प्रश्न : आईला एएमएल (झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर) आहे, पुण्यात किमोची पहिली सायकल झाली आणि आम्ही तिला घरी कराडला आणलंय. कागदावर "१००.४ ताप आल्यास लगेच या" असं लिहिलंय. परवा रात्री दोनला १००.६ होता, क्रोसिन दिली, सकाळी उतरला, मग गेलो नाही. एवढ्याशा तापाला पुण्याला पळायचं का? — एक मुलगी, कराड

हो, पळायचं. आणि ताप उतरला म्हणून गेला नाहीत ना, तर हे वाचून झाल्याझाल्या आधी तुमच्या वॉर्डला फोन लावा, बाकीचं नंतर वाचा.

आता का ते सांगते. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात काउंट्स (रक्तातल्या पेशींचे आकडे) तळाला जातात, त्यात न्यूट्रोफिल नावाच्या ज्या पांढऱ्या पेशी असतात त्या ५०० च्या खाली गेल्या की अंगात जंतूशी भांडायला कोणी उरतच नाही. आपल्याला एरवी काटा रुतला तर लाल होतं, सुजतं, पू होतो, तो पू म्हणजे दुसरं काय, याच पेशी. त्याच नाहीत तर पू कुठून होणार? त्यामुळे आत केवढंही इन्फेक्शन असलं तरी घसा नुसता जरासा दुखतो, छातीचा फोटोही कधी कधी स्वच्छ येतो आणि बाहेर दिसणारी खूण एकच उरते ती म्हणजे ताप, आणि तुम्ही क्रोसिन देऊन नेमकी तीच खूण पुसलीत. रागवत नाहीये हं, सगळेच देतात, मीही माझ्या घरच्यांना एरवी तेच देते. पण या पेशंटला आधी थर्मामीटर, मग फोन, आणि त्यांनी सांगितलं तरच गोळी.

मला एक आजोबा आठवतात, नातवाने असाच रात्रभर ताप उतरवत ठेवला होता आणि दुपारी बाराला आले तेव्हा अंग थंडगार, हातपाय गार, ताप अजिबात नाही, नातू म्हणतो आता बरं वाटतंय त्यांना. मी बीपी लावलं तर वरचं ७०. ते वाचले, पण आयसीयूत नऊ दिवस काढून. म्हणून आमच्याकडे अशा पेशंटसाठी नियम एकच, दारात आल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे. रक्त कल्चरला (जंतू शोधायच्या तपासणीला) काढायचं आणि डोस सुरू करायचा, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही.

आता कराड ते पुणे किती वेळ लागतो ते तुम्हालाच माहीत. म्हणून आत्ताच, आई बरी असताना, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला जाऊन विचारून ठेवा की असा पेशंट आला तर तुम्ही घ्याल का, आणि पुण्याच्या डॉक्टरांकडून एका पानावर आजाराचं नाव, किमोची तारीख, कुठलं अँटिबायोटिक सुरू करायचं ते लिहून घ्या. पहिला डोस तिथे, मग फोनवर ठरवून गाडी. फाइल, आधार कार्ड, थोडे पैसे आणि एक साडी अशी पिशवी दारामागे लटकवून ठेवा, रात्री दोनला कोणाला काही सापडत नाही.

ताप काखेत मोजत असाल तर फोनवर तसं सांगा कारण तो तोंडातल्यापेक्षा थोडा कमी दाखवतो. गुदद्वारातून कधीच मोजायचा नाही. आणि ताप नसताना नुसती हुडहुडी भरली, विशेषतः लाइन (औषधासाठी शिरेत ठेवलेली नळी) फ्लश केल्यावर, म्हणजे सलाइनने धुतल्यावर, अर्ध्या तासात, तर तेही तापच समजा. स्टेरॉइड चालू असेल तर ताप चढतच नाही कधी कधी, तेव्हा आई गप्प गप्प झाली, लघवी कमी झाली तरी निघा.

प्रश्न : भावाला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आहे, किमो झालीय, प्लेटलेट्स १२ हजार आहेत तरी डॉक्टर चढवत नाहीत. शेजारचे पपईच्या पानांचा रस द्या म्हणतात. — सांगली

पपईच्या पानाची गोष्ट डेंग्यूमुळे घरोघरी पोचली. डेंग्यूत कारखाना थोडे दिवस मंदावतो आणि मग आपोआप सुरू होतो, रस पिओ न पिओ. ल्युकेमियात किमोने तो कारखानाच बंद केलाय. आणि वर न शिजवलेला पाला, जरा नीट धुतला गेला नाही की जंतू पोटात, उलट्या झाल्या तर त्या जोराने आणखी रक्तस्राव. नको.

रक्तस्राव नाही, ताप नाही, तर बहुतेक ठिकाणी १० हजारांपर्यंत थांबतात. उगाच दर वेळी चढवल्या तर शरीर पुढे दुसऱ्याच्या प्लेटलेट्स टिकू देत नाही, आणि मिळवणंही सोपं नाही, ब्लड बँकेत त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, तेही सतत हलणाऱ्या रॅकवर. एसडीपीला (एकाच डोनरकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट्सना) चालतील असे दोन-तीन डोनर मात्र आधीच बघून ठेवा.

तोवर घरी काय? मऊ ब्रश, ब्लेडने दाढी बंद, कंबरेत सुई अजिबात नाही (गावातल्या डॉक्टरांना हे आधीच सांगा, ते बिचारे सवयीने देतात), कॉम्बिफ्लाम आणि डिस्प्रिन घरातूनच हलवा. शौचाला जोर करावा लागू नये म्हणून डॉक्टरांकडून पातळ औषध मागून घ्या, याची लोकांना लाज वाटते पण एनिमा किंवा आत घालायची गोळी मात्र आपल्या मनाने नको. नाकातून रक्त आलं तर मान मागे नाही, पुढे, आणि नाकाचा मऊ भाग घड्याळ लावून दहा मिनिटं दाबून धरायचा, मधे सोडून बघायचं नाही. एकदम डोकं दुखलं, धूसर दिसायला लागलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं तर मग थांबायचं नाही.

प्रश्न : मी तालुक्याला स्टाफ नर्स आहे. मुंबईहून पिक लाइन (दंडातल्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली नळी) घालून आलेला पेशंट आलाय, फ्लश जात नाही. — नाव छापू नये

आधी हातातली दोन एमएलची सिरिंज खाली ठेव गं. छोट्या सिरिंजचा दाब जास्त होतो, लाइन आतच फुटते. दहाचीच घे. क्लॅम्प उघडा आहे ना बघ, ड्रेसिंगखाली नळी मुडपली आहे का बघ, पेशंटला हात वर करायला, खोकायला सांग. तरी नाही गेलं तर जोर लावू नकोस, त्यांच्या सेंटरला फोन कर. त्या हातावर बीपी नाही. हब (नळीचं बाहेरचं तोंड) प्रत्येक वेळी स्पिरिटने पंधरा सेकंद घासून वाळू दे, ड्रेसिंग आठवड्याला, आणि ओलं झालं किंवा सुटलं तर त्याच दिवशी.

प्रश्न : वडिलांना सीएमएल (सावकाश वाढणारा रक्ताचा कॅन्सर) आहे, इमॅटिनिब चालू आहे. एकादशीला ते गोळी घेत नाहीत, उपवास मोडतो म्हणतात. — पंढरपूर

महिन्याच्या दोन एकादश्या, वर वारीच्या दिवसांत काय होत असेल कोणास ठाऊक! ही गोळी रोज घेतली तरच आजार दबून राहतो, मधे मधे चुकवली की तीन महिन्यांच्या पीसीआरच्या (रक्तात आजार किती उरलाय ते मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टात आकडा वर सरकायला लागतो आणि मग डॉक्टर विचारतात काय झालं, आणि वडील काही बोलत नाहीत. गोळी जेवणानंतर आणि मोठा ग्लास पाण्याबरोबर घ्यायची असते, नाहीतर मळमळ होते. मग साबुदाण्याच्या खिचडीवर घेऊ द्या की, फक्त निर्जळी एकादशी नको. चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच कुळातलं पपनस तेवढं टाळा. डोळ्यांखाली सकाळी सूज दिसते ती बऱ्याच जणांना येते, पण आठवड्यात वजन दोन किलो वाढलं किंवा दम लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.